विद्यापीठात विद्यार्थी किती? आधी एवढं सांगा

गेले काही आठवडे एक मजकूर फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला आणि तिघांनीही खाली ‘अगदी बरोबर’ असं लिहिलं होतं. गोषवारा असा: विद्यापीठ म्हणजे कंपनी नव्हे. एंटरप्राइझ आर्किटेक्चर हे कंपन्यांचं खूळ आहे, ते आलं की विभागांची स्वायत्तता गेलीच म्हणून समजा. एक चांगली ईआरपी, म्हणजे प्रवेशापासून हिशेबापर्यंतची कामं सांभाळणारं एकच मोठं सॉफ्टवेअर, घेतलं की काम भागतं. बाकी नुसत्या चौकटी आणि बाण, ते कोणी वाचत नाही. आणि खर्च तर बड्या विद्यापीठांनाच झेपणारा.

मी बरीच वर्षं एका विद्यापीठाच्या संगणक विभागात काढली. चौकटी आणि बाण काढले, कोणी न वाचलेले कागदही लिहिले. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

त्याआधी एंटरप्राइझ आर्किटेक्चर हे प्रकरण आहे काय, तेवढं सांगून टाकतो. संस्था कोणती कामं करते, त्यांना कुठली माहिती लागते, ती कुठल्या सिस्टीममध्ये राहते आणि तिच्यावर शेवटचा शब्द कोणाचा, याचा लिहून ठेवलेला नकाशा. आणि नवीन काही घेताना तो नकाशा समोर ठेवण्याची शिस्त. बस.

“हे कंपन्यांचं खूळ आहे.”

अर्धं खरं. जॉन झाकमन यांनी १९८७ मध्ये असा नकाशा मांडायची आपली चौकट मांडली तेव्हा ते आयबीएममध्ये होते. पण सर्वांत जास्त वापरली जाणारी टोगॅफ ही पद्धत १९९५ मध्ये आली, ती अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या आराखड्यावरून. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारी खात्यांना माहिती-तंत्रज्ञानाचा आराखडा ठेवणं कायद्याने बंधनकारक झालं. आकृत्यांची भाषा आर्किमेट नेदरलँड्समध्ये तयार झाली. तिच्या घडणीत एक बँक होती, करखातं होतं आणि विद्यापीठांतले संशोधकही होते. ही भाषा वापरून आकृत्या काढायचं आर्ची नावाचं मोफत सॉफ्टवेअर तर ब्रिटनमधल्या बोल्टन विद्यापीठात, जिस्क या उच्चशिक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेच्या पैशातून उभं राहिलं. आज कंपन्यांमधले लोक ते वापरतात. म्हणजे इथे उसनवारी उलट्या दिशेने झाली आहे.

“विभागांची स्वायत्तता जाते.”

हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. नकाशाच्या नावाखाली सगळ्यांना एकाच साच्यात कोंबू पाहणारे प्रशासक मी पाहिले आहेत. तिथे विरोध करायलाच हवा. पण दोष साचा निवडणाऱ्याचा आहे, नकाशाचा नाही.

शिक्षणसंस्थांचे भाग एकमेकांना सैल बांधलेले असतात, हे संस्थांच्या कारभाराचे अभ्यासक कार्ल वाइक यांनी १९७६ मध्ये मांडलं. आर्किटेक्चरच्या विरोधात बोलताना बरेच जण त्यांचंच नाव पुढे करतात. मला त्यातून नेमकं उलटं दिसतं. भाग सैल असतील तर सांधे कुठे आहेत, हे जास्त नीट माहीत असायला हवं. एमआयटीच्या जीन रॉस आणि पीटर वाइल यांनी सहकाऱ्यांसह २००६ मध्ये संस्थांच्या कामाचे चार प्रकार सांगितले. प्रश्न दोनच: कामाची पद्धत सगळीकडे सारखी हवी का, आणि माहिती सगळ्यांची एक हवी का? या दोन्हींना ‘हो’ म्हणणं हा चारांतला फक्त एक प्रकार. दुसऱ्या एका प्रकारात पद्धत ज्याची त्याची, माहिती मात्र सामाईक. विद्यापीठाला शोभतो तो हाच. इतिहास विभागाने मूल्यमापन कसं करावं हे भौतिकशास्त्राने सांगू नये. पण विद्यार्थ्याचं नाव दोन्हीकडे एकच असावं.

पुरावा हवा असेल तर आपला फोन उघडा. दुसऱ्या विद्यापीठात गेल्यावर एज्युरोमचं, म्हणजे विद्यापीठांच्या सामाईक सोयीचं, वायफाय आपोआप जोडलं जातं ना? यजमान विद्यापीठ तुमची ओळख तपासायची विनंती तुमच्या विद्यापीठाकडे पाठवतं. पासवर्ड तिथेच तपासला जातो, मधल्यांना तो दिसतही नाही. शंभराहून जास्त देशांतल्या संस्था यात आहेत आणि त्यासाठी आपली खाती दुसऱ्याच्या ताब्यात द्यावी लागत नाहीत. सांध्यावर कडक नियम, आत ज्याचं त्याचं राज्य.

“एक चांगली ईआरपी घ्या, झालं.”

खरी अडचण इथे आहे. एका बैठकीत वरून साधा प्रश्न आला: आपले विद्यार्थी किती? प्रवेश विभागाने प्रवेश दिलेल्यांचा आकडा सांगितला. वित्त विभागाने शुल्क भरलेल्यांचा. परीक्षा विभागाने परीक्षेचा अर्ज भरलेल्यांचा. ग्रंथालयाने चालू कार्डांचा, आणि आम्ही चालू खात्यांचा. पाच आकडे, पाचही बरोबर. फरक मोजणीत नव्हता, ‘विद्यार्थी’ या शब्दात होता.

मग ईआरपी आली. आता एकच आकडा येईल असं सगळ्यांना वाटलं, आणि आलाही. फक्त तो कोणत्या व्याख्येचा, हे कोणी ठरवलं नव्हतं. विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून जी होती तीच लागू झाली.

न ठरवलेल्या अशा व्याख्यांचा फटका कुठे बसला ते सांगतो. एक संशोधक विद्यार्थिनी पदवीच्या वर्गांना शिकवायची. म्हणजे ती विद्यार्थीही होती आणि कर्मचारीही. दोन नोंदी, पण ईमेल एकच. तिने प्रबंध सादर केला, विद्यार्थी म्हणून तिची नोंद बंद झाली आणि रात्री आपोआप चालणाऱ्या आमच्याच एका स्क्रिप्टने, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमने, त्या ईमेलचं खातं गोठवलं. उत्तरपत्रिका अर्ध्या तपासून झाल्या होत्या. सकाळी तिला गुण भरायच्या पानावर जाताच येईना. ईआरपीने काहीच चुकीचं केलं नव्हतं, स्क्रिप्टनेही नाही. एकच माणूस दोन भूमिकांत असू शकतो, हे कुठे लिहिलेलंच नव्हतं. ते लिहून ठेवणं म्हणजेच आर्किटेक्चर. आम्ही ते केलं, पण तो गोंधळ झाल्यावर.

शिवाय ईआरपी एकटी कधीच नसते. वेळापत्रक, ग्रंथालय, ऑनलाइन वर्ग, संशोधन-अनुदान, वसतिगृह हे सगळं बहुतेक वेळा वेगळंच चालतं. दहा सिस्टीम एकमेकींना थेट जोडायच्या म्हटल्या तर जोड ४५ होतात, वीस असतील तर १९०. प्रत्यक्षात सगळ्याच जोडत नाहीत, हे खरं. पण कोणत्या जोडल्या आहेत हे एखाद्याच माणसाला ठाऊक असतं, आणि तो माणूस कधीतरी निवृत्त होतो.

“खर्च झेपत नाही.”

सल्लागारांची फौज आणली तर नाहीच झेपणार. पण आर्ची फुकट आहे. टोगॅफ संस्थेच्या अंतर्गत वापरासाठी फुकट मिळते. नेदरलँड्सच्या उच्चशिक्षणाचा ‘होरा’ (HORA) नावाचा संदर्भ-आराखडा कोणालाही वाचता येतो, तेव्हा ‘विद्यापीठ काय काय करतं’ ही यादी पहिल्यापासून लिहीत बसायची गरज नाही. लागतो तो एखाद्या माणसाचा वेळ, आणि त्याला कोणत्याही विभागात जाऊन प्रश्न विचारायची मुभा. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे, हे मान्य.

“चौकटी आणि बाण कोणी वाचत नाही.”

दोनशे पानी दस्तऐवज कोणी वाचत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो; त्यातला एक मीच लिहिला होता. टोगॅफ जशीच्या तशी उचलून पहिल्या प्रकरणापासून शेवटपर्यंत राबवायला गेलं की हेच होतं. खरं तर आपल्या गरजेपुरती कापून घ्या, असं टोगॅफ स्वतःच सांगते. ब्रिटनमध्ये २००८-०९ मध्ये जिस्कने किंग्ज कॉलेज लंडन, कार्डिफ आणि लिव्हरपूल जॉन मूर्स या तीन विद्यापीठांत प्रायोगिक काम सुरू केलं, तेही एकदम शंभर विद्यापीठांवर लादलं नाही.

त्या दस्तऐवजानंतर मी एकाच पानावर आलो. विद्यार्थ्याचं नाव बदललं की ते कुठून कुठे जातं, एवढंच त्या पानावर होतं. ते परीक्षा विभागाच्या भिंतीवर चिकटवलं. चार दिवसांनी तिथल्या एका ज्येष्ठ लिपिक बाईंचा फोन आला.

“साहेब, तुमचा तो तिसरा बाण उलटा आहे.”

मी म्हटलं, “नाही हो, दुरुस्त नावं वित्त विभागाकडून तुमच्याकडे येतात.”

“येत नाहीत. दर सत्राला मीच एक्सेल करून त्यांना पाठवते. अकरा वर्षं झाली.”

मी खाली जाऊन पाहिलं. बाईंनी पेनाने बाण आधीच उलटा करून ठेवला होता.