राजाचं घोडं आणि अँटवर्पची पेंड

चित्रकलेत पैसा करायचा असेल तर आधी स्वतःचं काही सुचण्याची खोड मोडा. सुचलं की रंग लागतो, वेळ लागतो आणि एवढं करून घरभाडं थकतंच. त्यापेक्षा रेमिजियस व्हॅन लीम्पुटचा कित्ता गिरवा. त्यानेही जन्मभर तेच केलं, दुसऱ्यांचे कित्ते गिरवले.

हा १६०७ सालचा, आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्पचा पोरगा. चित्रकारांच्या सेंट ल्यूक गिल्डमध्ये, म्हणजे त्यांच्या संघात, रीतसर दाखल झाला, पण त्या गावात तेव्हा रुबेन्स नावाचा वड होता आणि त्याच्या सावलीत बाकीच्यांचं फार काही उगवत नव्हतं. म्हणून गाव सोडा. रेमिजियस लंडनला गेला. तिथले लोक त्याला रेमी म्हणू लागले. नाव आखूड झालं तर वाईट वाटून घेऊ नका, बिलावर तेवढीच जागा वाचते.

परमुलखात गेल्यावर गाववाला गाठावा, हे तुम्हाला मी काय सांगणार. अँटवर्पचाच अँथनी व्हॅन डाइक तिथे पहिल्या चार्ल्स राजाचा लाडका चित्रकार होऊन बसला होता. त्याची चित्रं भिंतभर. खोलीत मावतील अशी छोटी चित्रंही लोकांना हवी असतात, हे रेमीने हेरलं आणि व्हॅन डाइकच्या लहान लहान कॉप्या काढायला घेतल्या. कॉपी करताना मान खाली घालायची गरज नाही. पुढे पीटर लेलीचा जमाना आला, तेव्हा 'तुमची चित्रं तुमच्यापेक्षा मीच चांगली उतरवतो' असं रेमीने लेलीला तोंडावर सुनावलं म्हणतात. आत्मविश्वास असावा तर असा, उसना का असेना.

आता दुकानदारीकडे वळा. त्यासाठी एखादा राजा मरावा लागतो. ३० जानेवारी १६४९ला चार्ल्सचं डोकं उडवलं गेलं आणि नव्या सरकारने त्याचं सगळं सामान विकायला काढलं. घर फिरलं की वासे फिरतात. इथे तर वाशांवरसुद्धा किमतीच्या चिठ्ठ्या लागल्या. राजाकडे ज्यांची उधारी थकली होती त्यांना चित्रं देऊन वाटेला लावलं. राजवाड्याच्या प्लंबरला बिलापोटी काय मिळालं? बास्सानोचा 'जलप्रलय'. हा विनोद मी केलेला नाही, त्या याद्यांमध्येच आहे.

रेमीने राजाच्या संग्रहातली ३५ चित्रं घेतली. इथवर अगदी शहाणा माणूस. मग त्याने घोडं पकडलं.

व्हॅन डाइकचं १६३३चं चित्र. चार्ल्स पांढऱ्या घोड्यावर बसून कमानीतून थेट तुमच्या अंगावर येतो आहे. बाजूला त्याला घोडेस्वारी शिकवणारा द सँ आंत्वान राजाचं शिरस्त्राण हातात धरून वर बघत उभा आहे. खाली कोपऱ्यात राजचिन्हाची ढाल, वर मुकुट. उंची बारा फूट, रुंदी नऊ. सरकारी याद्यांत किंमत लावली होती १५० पौंड. घेण्याआधी तुम्ही एवढंच विचारा, की हे दारातून आत येणार कसं? आणि राजाचं नाव घ्यायची चोरी असलेल्या गावात एवढा मोठा राजा टांगणार कोण?

रेमीकडे उत्तर होतं: अँटवर्प. मेल्या म्हशीला मणभर दूध असतं, मग डोकं उडालेल्या राजाला किती असेल! समुद्रापार चित्र नेलं आणि तो १,५०० गिनींवर अडून बसला, अशी कथा आहे. गिनी नावाचं नाणं १६६३ साली पाडलं गेलं, तेव्हा हा आकडा मागाहून कोणीतरी रंगवला असणार. कथेलाही वॉर्निश लागतंच. पण भाव अव्वाच्या सव्वा होता आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं, यात शंका नाही. गिऱ्हाईक मिळालं नाही. बारा फुटी राजा घेऊन स्वारी लंडनला परत. भाव सोडायचा नाही, हा दुकानदारीचा बाणा तुम्हीही पाळा. गोदामभाडं तेवढं आधी भरून ठेवा.

१६६० साली मेलेल्या राजाचा मुलगा, दुसरा चार्ल्स, गादीवर आला आणि त्याने पहिलं काम केलं ते बापाच्या वस्तू हुडकायचं. कायद्याची कारवाई होऊन घोडं राजवाड्यात परत. तुम्हाला वाटेल, आता रेमीचं दिवाळं निघालं. तुम्ही चित्रकारासारखा विचार करताय.

१६६७ साली त्याच दुसऱ्या चार्ल्सने रेमीला बोलावून व्हाइटहॉल राजवाड्याच्या भिंतीवरचं होल्बाइनचं चित्र उतरवायला सांगितलं. आठवा हेन्री, त्याचे आईबाप आणि राणी जेन सेमूर. रेमीची कॉपी तीन फूटसुद्धा उंच नाही. मोबदला? १५० पौंड. बारा फुटी अस्सल घोड्याला सरकारने लावला होता तेवढाच.

रेमी १६७५ला लंडनमध्ये वारला. १६९८च्या जानेवारीत व्हाइटहॉल जळून खाक झाला, होल्बाइनची भिंत त्यातच गेली. तिच्यासाठी केलेल्या आराखड्याचा अर्धा भाग शिल्लक आहे, पण अख्खी भिंत दिसत कशी होती हे पाहायचं तर रेमीच्याच कॉपीपुढे जावं लागतं. ती इंग्लंडच्या शाही संग्रहात आहे. घोडंही तिथेच आहे. दोन्ही विकायची नाहीत, भाव विचारायला जाऊ नका.