प्लंबरला काय म्हणायचं असतं?

मुलगा किंवा मुलगी घराबाहेर पडली, पगार सुरू झाला, भाड्याच्या खोलीची किल्ली हातात आली की आपण म्हणतो, 'झालं बाबा स्वतंत्र.' मला हे अर्धंच पटतं. पैसे आणि किल्ली ही सोय झाली. आपल्यावर प्रेम करण्याचं काहीएक बंधन नसलेल्या माणसांशी दिवसभर नीट वागता येणं, त्यांच्याकडून काम करून घेता येणं, त्यांचं 'नाही' पचवता येणं आणि वेळ आली तर आपलंही 'नाही' त्यांना ऐकवता येणं, हे जमायला लागलं की माणूस खऱ्या अर्थाने घराबाहेर पडला असं मी समजते. याचा कुठे कोर्स नसतो. (असेलही कदाचित. आजकाल काय सांगावं!)

माझा भाचा शिक्षण संपवून नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला. हुशार पोरगा, परदेशातल्या क्लायंटशी तासतासभर बोलतो. एकदा त्याचा मेसेज आला, 'मावशी, प्लंबरला काय म्हणायचं असतं?' आधी मला हसू फुटलं. मग वाटलं, प्रश्न अगदी खरा आहे. घरी नळ गळायचा तेव्हा कुणीतरी फोन करायचं, कुणीतरी येऊन जायचं आणि नळ गळायचा थांबायचा. मधलं बोलणं या पोराच्या कानावर कधी पडलंच नव्हतं. काय बिघडलंय ते कसं सांगायचं, किती घेणार हे कामाआधी कसं विचारायचं, तो काम करत असताना शेजारी उभं राहायचं की आपल्या खोलीत जाऊन बसायचं, काम नीट झालेलं नाही हे त्याचा अपमान न करता कसं बोलायचं. यादी करायला बसलं तर ही मुत्सद्देगिरीच आहे.

घरात अर्धं वाक्य पुरतं. चेहरा बघून आई ओळखते, आवाजावरून बाबांना कळतं, भावंडांना तर काही सांगावंच लागत नाही. बाहेर पूर्ण वाक्य लागतं. आणि पूर्ण वाक्य बोलायचं तर आपल्याला नक्की काय हवंय हे आधी स्वतःला माहीत असावं लागतं. खरी गोम इथेच आहे. 'स्वतःला ओळखा' म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतात, पण एकांतात बसून स्वतःची ओळख होते यावर माझा फारसा विश्वास नाही. एखादा परका माणूस घाईत, कोरड्या आवाजात 'बोला, काय पाहिजे?' असं विचारतो तेव्हा ती जास्त होते.

डॉक्टरांकडचा प्रसंग डोळ्यासमोर आणा. वीस वर्षांचा मुलगा खुर्चीत बसलाय. डॉक्टर त्याच्याकडे बघून विचारतात, 'काय होतंय?' आणि उत्तर शेजारच्या खुर्चीतून येतं, 'याला ना डॉक्टर, परवापासून...' मुलगा नुसता मान डोलावतो. हाच मुलगा पहिल्यांदा एकटा जातो तेव्हा 'पोट दुखतंय' एवढंच सांगून थांबतो. मग प्रश्न सुरू होतात. नेमकं कुठे? कधीपासून? खाण्याआधी की खाल्ल्यावर? सतत दुखतं की मधूनच कळ येते? कुठल्या औषधाची ॲलर्जी? लहानपणी मोठं आजारपण झालं होतं का? यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं आईकडे असतात. स्वतःच्या शरीराचा इतिहास आपण दुसऱ्याकडे सांभाळायला दिलाय, हे त्याला त्या खुर्चीत कळतं. पुढच्या वेळी तो जरा तयारीने जातो. पण मला त्याहून मोठी वाटते ती गोष्ट वेगळीच. तो आपल्या दुखण्याकडे लक्ष द्यायला लागतो, कारण उद्या कुणीतरी विचारणार आहे.

जेफ्री आर्नेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००० साली मांडलं की १८ ते २५ हा वयाचा एक वेगळाच टप्पा मानायला हवा, धड किशोर नाही आणि धड प्रौढही नाही. मोठं होणं म्हणजे काय, असं तरुणांना विचारल्यावर लग्न किंवा पदवी वर आली नाही. वर आलं ते स्वतःची जबाबदारी घेणं, स्वतःचे निर्णय स्वतः करणं आणि पैशाच्या बाबतीत स्वावलंबी होणं. पैसा यादीत आहेच, पण एकटा नाही. आणि जबाबदारी म्हटलं की आपल्याला काहीतरी भव्य दिसतं. प्रत्यक्षात ती फार कंटाळवाण्या रूपात येते. घरमालकाकडे डिपॉझिटची आठवण काढणं, कचरा कुणी टाकायचा यावरून रूममेटशी एकदाचं बोलून घेणं, फॉर्म परत आला तर पुन्हा त्याच खिडकीवर जाणं.

त्या खिडकीवरचं 'नाही' हे तर मोठंच शिक्षण. घरातलं 'नाही' नेहमी आपल्याबद्दल असतं. त्यात राग असतो, काळजी असते, जुने हिशोब असतात. बाहेरचं 'नाही' बहुतेक वेळा आपल्याबद्दल नसतंच. 'उद्या या' म्हणणाऱ्या माणसाला आपलं नावही ठाऊक नसतं. त्याचा सर्व्हर बंद पडलेला असतो किंवा सकाळपासून त्याला पाणी प्यायला फुरसत मिळालेली नसते. हे एकदा आत उतरलं की माणूस बराच हलका होतो. नकार म्हणजे आपल्या लायकीवरचा शेरा नव्हे, हे पुस्तकात वाचून पटत नाही. दहा ठिकाणी टक्केटोणपे खाल्ले की न सांगता पटतं.

म्हणूनच सगळी कामं ॲपवर होतात याची मला थोडी रुखरुख वाटते. मीही ॲपवरूनच मागवते, त्याचा सोवळेपणा मला करायचा नाही. पण पडद्यावरचं 'उपलब्ध नाही' म्हणजे काही नकार नव्हे. तिथे समोर चेहरा नसतो, घासाघीस नसते, 'अहो, जरा बघा ना' म्हणायची संधी नसते. वीस-बावीस वर्षांचं पोर अनोळखी नंबरवर फोन लावण्याआधी मनात तीनदा तालीम करतं, ते नाजूक आहे म्हणून नव्हे. सरावच नाही, दुसरं काय? भीड एकदम जात नाही, ती चेपावी लागते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली 'मला हे जमेल' या विश्वासाच्या मुळांचा विचार मांडला, तेव्हा सगळ्यांत बळकट मूळ म्हणून प्रत्यक्ष करून पाहिलेल्या अनुभवाकडे बोट दाखवलं. कुणी दिलेला धीर त्याच्यापुढे फिका पडतो.

गंमत म्हणजे ज्याची धास्ती असते ते बहुतेकदा इतकं वाईट नसतंच. शिकागोमधल्या लोकल ट्रेनच्या प्रवाशांवर निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर या संशोधकांनी प्रयोग केले, ते २०१४ साली प्रसिद्ध झाले. काहींना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला. नुसता अंदाज विचारला तर लोकांना वाटत होतं की बोलण्यातला प्रवास सर्वांत कमी आनंदाचा जाईल. प्रत्यक्षात बोललेल्यांचाच प्रवास जास्त आनंदात गेला. २०१८ च्या आणखी एका अभ्यासात दिसलं की पहिल्या भेटीनंतर, समोरच्याला आपण जेवढे आवडलो त्यापेक्षा कमीच आवडलो असं आपण धरून चालतो. म्हणजे घरी परतताना 'मी काय वेड्यासारखं बोललो' म्हणून जे कुढणं चालतं, त्यातलं बरंचसं फुकट असतं.

ओळखीपाळखीचा फायदाही आहेच. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोवेटर यांनी १९७३ च्या निबंधात ओळखीतून नोकरी मिळालेल्या ५४ जणांची आकडेवारी दिली होती. ज्याच्याकडून नोकरी कळली तो माणूस नेहमी भेटणारा होता असं सांगणारे शंभरात सतराही भरले नाहीत. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित दिसणाऱ्याकडून कळली होती. जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं, साधा हिशोब आहे.

एक मात्र मला सहन होत नाही. 'आज एका अनोळखी आजोबांनी मला आयुष्य शिकवलं' छापाच्या पोस्टी. चालक, सफाई कामगार, बाकावरचे म्हातारे, सगळे जणू आपल्याला उपदेश करायलाच जन्माला आलेत! ती माणसं आपापलं काम करत असतात आणि त्यांचा दिवस आपल्यापेक्षा अवघड असू शकतो. समोरच्याने काही शहाणपणाचं बोलायलाच हवं असं कुठे आहे? त्याच्यासमोर आपल्याला धड उभं राहावं लागलं, तेवढ्यानेच काम झालेलं असतं.

आणि सगळे अनोळखी लोक चांगलेच असतात असलं भाबडं मी काही म्हणत नाही. मुलींना तर आपण एकाच दमात दोन गोष्टी सांगतो. 'जरा बोलायला शीक' आणि 'कुणाशी बोलू नकोस.' बिचारीने करायचं काय? बोलणं मध्येच थांबवता येणं, कारण न देता उठून जाता येणं, नकोशा प्रश्नाला उत्तर न देणं, हेही त्याच शिक्षणात येतं. प्रत्येकाशी गोड वागायचं देणं आपण लागत नाही, हे मुलींना घरातूनच कळलं तर बरं. शिवाय एकाच खिडकीवर सगळ्यांना सारखी वागणूक मिळत नाही. कपडे, बोलण्याची ढब, आडनाव बघून आवाज बदलणारे लोक असतात. तिथे पोरांना 'धीट हो' एवढं सांगून भागत नाही. सोबत उभंही राहावं लागतं. फक्त त्यांच्या वतीने बोलायचं नाही.

पालकांचा विषय निघाला की सगळे 'पंख द्या' वगैरे म्हणतात. मी एवढंच म्हणेन की दवाखान्यात उत्तर देण्याची घाई करू नका. पोर अडखळेल, चुकीची तारीख सांगेल, डॉक्टर आपल्याकडे बघतील. बघू देत.

आपली पोरं सोडली तर इतरांच्या पोरांसाठी आपणच ते अनोळखी असतो, हे मात्र आपण सोयीने विसरतो. नव्या नोकरीतला मुलगा फोनवर पाठ केलेलं वाक्य अर्ध्यात विसरतो, वरच्या मजल्यावर नुकती राहायला आलेली मुलगी दार वाजवून पाण्याची वेळ विचारते, ऑफिसातली ट्रेनी सॉरी सॉरी म्हणत टेबलाशी उभी राहते. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत आपण तोडतो की नाही, ते कमेंटमध्ये लिहा. आणि प्लंबरशी पहिल्यांदा काय बोललात तेही.