एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर : लाकूडकामाच्या ट्रॅक लोडरची फिटिंग

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू वाचला. लाकूड धरायचा पंजा बसवायला दिलेल्या ट्रॅक लोडरवर, म्हणजे टायरऐवजी रबरी पट्ट्यांवर चालणाऱ्या मशीनवर, आम्ही ‘नको ते लोखंड’ चढवून बिल फुगवलं, मल्चर (झाडंझुडपं जागेवर भुगा करणारा दातेरी ड्रम) जोडून द्यायला नकार दिला, गार्डच्या म्हणजे संरक्षक जाळ्या-प्लेटांच्या वजनानं उचल कमी झाली आणि आता दुपारच्याला मशीन तापायलीय, असं तुमचं म्हणणं. शिवाय गावातला वेल्डर निम्म्या पैशात जाळी मारून देत होता आणि ऊस लोडरला असलं काहीच लागत नाही, हेही लिहिलंय. बांधावरची विलायती बाभूळ, सुबाभूळ काढायला असल्या मशीन घेणारे आपल्या भागात वाढायलेत. तेही हा रिव्ह्यू वाचणार. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

वेल्डरपासून सुरू करतो. जालन्यात लोखंडाला तोटा नाही आणि वेल्डिंग करणाऱ्या हातांनाही नाही. तुमच्या गावच्या माणसाच्या कामाबद्दल माझी शंका नाही. प्रश्न आहे तो जाळी कशावर मारणार याचा. केबिनचे खांब आणि छत म्हणजे नुसता आडोसा नव्हे. मशीन उलटली तरी आतल्या माणसाला जागा उरावी म्हणून ती चौकट आयएसओ 3471 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तपासलेली असते. त्या खांबावर वेल्डिंगचा टाका पडला किंवा ड्रिल चाललं, की ती चौकट तपासलेली राहत नाही. उष्णतेनं टाक्याशेजारचं लोखंड बदलतं, आणि वरून रंग मारला की कुणाला काही दिसतही नाही. म्हणून आमच्या शॉपमध्ये केबिनला वेल्डिंग होत नाही. कंपनीनं जिथं भोकं दिलीत तिथंच बोल्ट, आणि नसतील तिथं क्लॅम्प किंवा थेट चेसिसवरून आधार. याला वेळ लागतो, प्लेट मापानं कापाव्या लागतात, मजुरी जास्त होते. तुमच्या बिलातला मोठा भाग या मजुरीचा आहे, लोखंडाचा नाही.

छताचं सांगतो. वरून पडणाऱ्या वस्तूंसाठी आयएसओ 3449 मध्ये दोन पातळ्या आहेत. पहिलीत छतानं 1,365 जूलचा मार झेलायचा, म्हणजे साधारण पंचेचाळीस किलोचं वजन तीन मीटरवरून पडलं तर बसतो तेवढा. दुसरीत 11,600 जूल. सव्वादोनशे किलो सव्वापाच मीटरवरून आलं तर जो दणका बसेल तो. तुमची मशीन आली तेव्हा छत पहिल्या पातळीचं होतं. खडी-वाळू भरायला ते पुरतं. झाड ढकलताना वाळलेली फांदी वरून सुटते तेव्हा नाही पुरत. म्हणून मशीनच्या कंपनीचाच दुसऱ्या पातळीचा किट मागवला. घरच्या घरी प्लेट ठोकून आम्हाला चार पैसे जास्त सुटले असते, पण तिला तपासणीचा आधार कुठून आणायचा?

आता ऊस लोडर. ऊस वाकतो, मोडतो, पडतो. बाभळीची फांदी मात्र ताणात असते. पंजानं ढीग दाबला की एखादी दबलेली फांदी सटकून सरळ केबिनकडं येते, आणि समोर साधी काच असेल किंवा दारच नसेल तर ती आत येते. म्हणून पुढचं दार जाड पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक पण न फुटणाऱ्या प्लास्टिकचं. त्याच दारावर तुम्ही सगळ्यात जास्त चिडलाय, पण ते काढून मशीन चालवू नका एवढीच विनंती. मागच्या खिडकीची जाळी बिजागरीवर आहे आणि आतून उघडते, तिचंही कारण आहे. बूम (उचलणारे हात) वर असताना किंवा पुढं ओंडका अडकला असताना पुढचं दार उघडत नाही, तेव्हा बाहेर पडायची वाट मागची. ती जाळी पक्की वेल्ड करून दिली असती तर स्वस्तात झालं असतं, हे खरं.

पोटाखालची प्लेट, होज पाइपवरचं कव्हर, दिव्यांची जाळी यांच्यावर वेगळं लिहीत नाही. एकदा खुंटावर होज फाटला की ऐन कामात मशीन किती वेळ उभी राहते, ते तुम्हाला ठाऊक आहे.

मल्चरचा नकार मात्र नीट सांगायला हवा, कारण तुम्ही लिहिलंय की ‘यांना जोडता येत नाही’. जोडायला दोन होज आणि एक ड्रेन लाइन लागते, कुणीही जोडेल. तुमच्या मशीनची हायड्रोलिक लाइन स्टँडर्ड फ्लोची आहे, मिनिटाला साधारण 80 लिटर आणि दाब 210 बार. लिटर गुणिले बार भागिले 600 केलं की किलोवॅट निघतात, म्हणजे तुमच्याकडं 28 किलोवॅट. तुम्ही जो मल्चर आणला होता त्याच्या प्लेटवर 140 लिटर आणि 240 बार लिहिलेलं होतं, म्हणजे 56 किलोवॅट. बरोबर दुप्पट. तो तुमच्या मशीनवर रिकामा फिरला असता, ड्रमला जाड बुंधा लागला की थांबला असता. मग तेल रिलीफ व्हॉल्व्हवरून (दाब वाढला की उघडणारी झडप) परत जाणार आणि ती सगळी ताकद तेल तापवण्यात खर्च होणार. चाळीसच्या वरच्या उन्हात ते तेल किती वेळ टिकेल, सांगा. हाय फ्लोची, म्हणजे जास्त तेल देणारी मशीन असेल तर जोडून देऊ, पण दाराशिवाय तेव्हाही नाही. मल्चरचे दात लाकडाचे तुकडे गोळीसारखे फेकतात. बरेच उत्पादक आजूबाजूला 90 मीटरपर्यंत माणूस असू नये म्हणतात, आणि आपल्याकडं मशीन सुरू झाली की अर्धा गाव बघायला उभा राहतो.

उचल कमी झाली, असं म्हणता. तुमच्या मशीनचं टिपिंग लोड, म्हणजे पुढं कलंडण्याचं वजन, मॅन्युअलमध्ये 2,600 किलो आहे. ट्रॅकच्या मशीनला त्याच्या 35 टक्केच सुरक्षित उचल धरतात, म्हणजे 910 किलो, आणि तीही बकेट लावून मोजलेली. पंजा बकेटपेक्षा दीडशे किलोनं जड आहे. उरले 760. आता दोन फूट जाडीचा, तीन मीटर लांबीचा ओला ओंडका घ्या. घनमीटरला टन धरला तर पावणेनऊशे किलोच्या आसपास भरतो. तो उचलताना मशीन मागून हलकी होणारच, गार्ड असो वा नसो. तोच ओंडका दोन मीटरवर कापलात तर सहाशेच्या आत येतो. गार्डचं वजन तर बरंचसं केबिनवर आणि मागं आहे, पंज्याच्या टोकाला नाही. पहिल्याच दिवशी ‘कोणती झाडं, किती जाडीची’ असं विचारलं ते यासाठी. तेव्हा तुम्हाला ती चौकशी वाटली. साग, आंबा, चिंच, मोह असली झाडं स्वतःच्या रानात असली तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्यानं परवानगी घ्यावी लागते, हेही तेव्हाच सांगितलं होतं.

मशीन तापण्याबद्दल. तुम्ही टाकलेला दुसरा फोटो मोठा करून बघा. मागच्या रेडिएटरच्या जाळीवर बाभळीचा पाला गच्च बसलाय. विलायती बाभळीचं पान बारीक, ते मोठ्या भोकाच्या जाळीतून आत जातं आणि लहान भोकाच्या जाळीवर चिकटतं. आम्ही लहान भोकाची बसवली, म्हणजे पाला बाहेर राहतो. पण मग तो झटकावा लागतो, एकदा सकाळी आणि काम जोरात असेल तर दुपारी परत. उलटा फिरून पाला उडवणारा पंखा हा पर्याय तुम्हाला कोटेशनमध्ये दिला होता, तुम्ही तो काढायला लावला. तो आजही बसवता येईल.

यात तापण्यापेक्षा मोठा धोका दुसराच आहे. वाळलेला पाला टर्बो आणि सायलेन्सरजवळ साचला की पेट घेतो. केबिनमध्ये अग्निशामक सिलिंडर दिलाय, तो सीटमागं टाकून वर पिशव्या ठेवू नका.

ट्रॅकबद्दल तुमची तक्रार नाही, पण तिसऱ्या फोटोतली खुंटं बघून राहवलं नाही. सुबाभूळ कोयत्यानं तिरकी तोडली की भाल्यासारखं टोक राहतं आणि रबरात घुसतं. काट्यांमुळं टायर नको म्हणून ट्रॅक घेतला आणि आता खुंटांनी तो फाडायचा, असं होऊ नये. चेनसॉनं जमिनीलगत आडवं कापा. काळ्या रानात ओल असताना काम केलंत तर रोलरमधला चिखल त्याच संध्याकाळी फावड्यानं काढा, रात्रीतून तो विटेसारखा होतो.

पैसे परत मागितलेत, ते देणार नाही. बसवलेलं सगळं मशीनवर आहे आणि कामाचं आहे. फ्लो मीटर आणि थर्मामीटर घेऊन आमचा माणूस तुमच्या रानात येईल, तपासणीचे पैसे नाहीत. तो यायच्या आदल्या रात्री मशीन धुऊ नका, पाला जसा आहे तसा राहू द्या. येताना फोन करेल, तेव्हा डिझेल भरून ठेवा. तेल पूर्ण तापेपर्यंत मशीन चालवून बघावी लागेल.