बिलाला मोबाईल नंबर कशाला?

साधी टूथपेस्ट घ्यायची असली तरी काउंटरवर पहिला प्रश्न, "मोबाईल नंबर?" नको म्हटलं की "सिस्टीम पुढे जात नाही हो!" मागे रांग, आणि लोक असे बघतात की खोळंबा आपणच केलाय. काउंटरवरच्या पोरांवर माझा राग नाही, त्यांना वरून तंबी असते. राग आहे तो अशी सिस्टीम बनवून घेणाऱ्यांवर. अहो, पैसे दिले, वस्तू घेतली, व्यवहार संपला ना?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना सांगितलं होतं की नंबरसाठी ग्राहकाला अडवू नका. त्याच वर्षी वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही संसदेत मंजूर झाला. काउंटरवर मात्र फरक शून्य!

आणि नंबर सांगायचा तोही मोठ्याने, मागच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. एकट्या आलेल्या मुलीने भर रांगेत आपला नंबर का म्हणून जाहीर करायचा? याचा विचार कुणीच करत नाही, याची मला खरी चीड येते. मग दिवसभर ऑफर्सचे मेसेज. ते बंद करायला १९०९ या तक्रार नंबरवर खटपटही आपणच करायची.

बिल कागदावर द्या. नंबर नको म्हणणाऱ्याला कारण विचारू नका.