ऑप्शन म्हणजे नलवरचं वेष्टन? एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

किंमत असेल किंवा नसेल हे टाइपमध्येच (किंमत कोणत्या प्रकारची, ते सांगणाऱ्या नावात) नोंदवणाऱ्या ऑप्शनवर मी लेख लिहिला होता. त्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: ऑप्शन म्हणजे नललाच (किंमत नसल्याच्या खुणेला) चढवलेलं जेनेरिक, म्हणजे कुठल्याही टाइपला चालणारं वेष्टन, त्याने मेमरी वाढते, आणि कोटलिन या भाषेसारखं टाइपपुढे प्रश्नचिन्ह लावून 'इथे नल चालेल' असं सांगितलं की काम भागतं.

जावापुरता तुमचा राग मला मान्य आहे. 2014 साली जावा 8 मध्ये ऑप्शनल (जावातला ऑप्शन) आला, पण तो स्वतःच नल असू शकतो आणि कंपायलर (कोड तपासून भाषांतर करणारा प्रोग्राम) हूं की चूं करत नाही. हे मूळ लेखात यायला हवं होतं, राहून गेलं.

मेमरीचं मात्र सरसकट खरं नाही. रस्ट या भाषेत रेफरन्स (मेमरीतल्या किमतीचा पत्ता) कधीच नल नसतो, म्हणून नलची ती मोकळी राहिलेली किंमत 'नन'साठी, म्हणजे रिकाम्या ऑप्शनसाठी वापरली जाते. 64 बिट मशीनवर साधा रेफरन्स 8 बाइटचा आणि त्याचा ऑप्शनही 8 बाइटचाच. पूर्णांकांत अशी मोकळी जागा नसते; तिथे 8 बाइटचे 16 होतात.

आता प्रश्नचिन्ह. इथे मी अजिबात मागे हटणार नाही, कारण याच जागी मी स्वतः ठेचकाळलो आहे. वापरकर्त्यांचे फोन नंबर मी कॅशमध्ये (डेटाबेसकडे पुन्हा पुन्हा जावं लागू नये म्हणून केलेल्या साठ्यात) ठेवत होतो. काहींनी नंबर दिलेलाच नव्हता, म्हणून त्यांच्यासाठी नल साठवला. कोटलिनच्या मॅपला (किल्ली दिली की तिची किंमत देणाऱ्या साठ्याला) किल्ली विचारली की नल मिळे. म्हणजे 'अजून शोधलंच नाही' की 'शोधलं, पण नंबर नाही'? दोन्हींचं उत्तर एकच. गेटऑरपुट (किंमत असेल तर देणारं, नसेल तर हिशेब करून साठवणारं फंक्शन) वापरूनही तेच, कारण किंमत नल असली तर ते फंक्शन पुन्हा हिशेब करायला जातं. ज्यांचा नंबर नाही त्यांच्यासाठी दर वेळी डेटाबेसला फेरी! किल्ली आहे का हे वेगळं विचारता येतं, पण ते आपणच लक्षात ठेवायचं. कंपायलर आठवण करून देत नाही.

मूळ कारण असं की कोटलिनमध्ये दोन प्रश्नचिन्हं एकावर एक चढत नाहीत, त्यांचं एकच होतं. ऑप्शनच्या पोटात मात्र ऑप्शन राहतो: बाहेरचा रिकामा म्हणजे नोंद नाही, आतला रिकामा म्हणजे नंबर नाही. जेनेरिक फंक्शन लिहिणाऱ्याला तर हे फारच मोलाचं, कारण त्याच्याकडे येणारा टी (कुठल्याही टाइपसाठी जागा धरणारं नाव) स्वतः ऐच्छिक असेल की नाही, हे त्याला आधी कळत नाही.

साध्या, एकाच पातळीच्या अभावाला मीही प्रश्नचिन्हच वापरतो. पण अपडेटच्या विनंतीत 'हे फील्ड पाठवलंच नाही' आणि 'हे फील्ड पुसून टाका' असा फरक करायचा असेल, तर तुम्ही तो एका प्रश्नचिन्हाने कसा कराल? तुमचा कोड पाहायला मला मनापासून आवडेल.