चीवर उतरवलेल्या भिक्खूची टवाळी थांबवा

एखाद्या भन्तेंनी चीवर सोडल्याचं, म्हणजे भिक्खूपण सोडून संसारात परतल्याचं कळलं की कमेंट सुरू होतात. "झेपत नव्हतं तर घेतलं कशाला?", "बाईच्या नादाला लागला." हे वाचून जीव तुटतो. कारण अशा माणसाकडे खुद्द विनयपिटक, म्हणजे भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ, कितीतरी समजुतीने पाहतं.

नंद हा बुद्धांचा सावत्र भाऊ, महाप्रजापती गौतमीचा मुलगा. भिक्खू झाला, पण मन जनपदकल्याणी या शाक्य तरुणीपाशीच राहिलं. तो निघाला तेव्हा अर्धवट विंचरलेल्या केसांनी तिने वळून पाहिलं होतं, लवकर परत या म्हणाली होती. ते काही त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. उदान या पाली ग्रंथात हे आहे, आणि तेही नंदाच्याच तोंडून. ब्रह्मचर्य मला निभत नाही, मी घरी जातो, असं त्याने सोबतच्या भिक्खूंना उघड सांगितलं. पुढे तो अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त झाला. मला मात्र त्याचं ते उघड सांगणंच फार मोठं वाटतं.

वंगीस हा दुसरा भिक्खू तर कवी होता. श्रावस्तीत बुद्धांचे शिष्य आनंद यांच्यासोबत भिक्षेला गेला असताना त्याने विनवलं की कामरागाने मी जळतोय, विझवायचा उपाय सांगा. आनंदांनी त्याला झिडकारलं नाही, चित्त कसं आवरायचं ते सांगितलं. संघाने या गाथा लाजेपोटी गाळल्या नाहीत. थेरगाथा या भिक्खूंच्या गाथांच्या संग्रहात त्या आजही आहेत.

आणि नियम? सुदिन्न या भिक्खूने आईच्या आग्रहाखातर, वंशाला वारस हवा म्हणून, आपल्या पूर्वीच्या पत्नीशी संबंध ठेवला. त्यावरून पहिला पाराजिक, म्हणजे मोडल्यास भिक्खूपणच जाणारा नियम आला. तो लागू होतो भिक्खूची शिक्षा, म्हणजे घेतलेली व्रतं न सोडता, आपली दुर्बलता न सांगता मैथुन करणाऱ्याला. ज्याने आधी सांगून चीवर उतरवलं, तो पाराजिकाचा दोषी नाही. त्याला पुन्हा उपसंपदाही, म्हणजे भिक्खूची पूर्ण दीक्षाही घेता येते. चीवर अंगावर ठेवून चोरून संसार करणाऱ्याला जरूर जाब विचारा, तिथे मीही तुमच्यासोबत आहे.

थायलंडमध्ये कित्येक तरुण एका वर्षावासापुरते, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांपुरते भिक्खू होतात आणि मानाने घरी येतात. आपणही दहा दिवसांच्या श्रामणेर (नवशिक्या भिक्खूंच्या) शिबिरातून आलेल्या पोराचं कौतुक करतोच की! मग ज्याने उमेदीची वर्षं धम्माला दिली, तो परतला की त्याचीच टिंगल का?

बौद्ध पंडित धर्मानंद कोसंबी घ्या. गोव्यातल्या साखवाळचे. बायको आणि लहान मुलगी घरी ठेवून निघाले, 1902 साली श्रीलंकेत चीवर घेतलं. काही वर्षांनी ते उतरवून संसारात आले. 1907 साली त्यांचा मुलगा दामोदर जन्मला. त्यानंतरच तर त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली, बुद्धांना मराठी घराघरांत पोचवलं. कोण म्हणेल त्यांनी धम्म सोडला?

परतलेल्या भिक्खूला पाली येते, सुत्तं पाठ असतात, पण हाताला काम नसतं आणि नातेवाईक तोंड फिरवतात. विहार समित्यांना माझी कळकळीची विनंती आहे, त्याला बोलवा, रविवारचा पालीचा वर्ग त्याच्याकडे द्या आणि त्याचं रीतसर मानधनही द्या.