कबुतर चालत नाही

गेल्या आठवड्यात मामाच्या दहाव्याला नाशिकच्या रामकुंडावर होते. पिंड मांडून झाले, सगळे मागे सरकले, आणि कावळा काही येईना. वर तारेवर दोन बसले होते, पण खाली ढुंकून बघत नव्हते. मग नेहमीचं सुरू झालं. मामेभावाने हात जोडले, "अण्णा, बाग विकणार नाही." कावळे ढिम्म. मामी म्हणाली, "धाकटीचं लग्न तुमच्या मनासारखं करू." तरी ढिम्म. तेवढ्यात घाटावरची पाच-सहा कबुतरं तुरुतुरु चालत आली आणि भातावर तुटून पडली. कुणीतरी आशेने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी म्हणाले, "कबुतर चालत नाही."

शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. (बागेचं वचन आता लागू की नाही, यावर मामाच्या घरी सध्या दोन मतं आहेत.)

निघताना बघितलं तर बाजूलाच एक कुटुंब ज्वारीची अख्खी पिशवी कबुतरांपुढे रिकामी करत होतं. चेहऱ्यावर केवढं समाधान! तिथे माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, म्हणून इथे बोलते.

पारवा, म्हणजे हेच कबुतर, मूळचा कड्याकपारीतला पक्षी. आपल्या इमारती त्याला कडेच वाटतात आणि एसीच्या मागची फट म्हणजे कपार. म्हणजे घर आपण दिलंच होतं, वर ताटही वाढलं. आयतं धान्य मिळालं की हा बारा महिने वीण काढतो. दोन-दोन अंडी, अठरा-एकोणीस दिवसांत पिल्लं बाहेर. पिल्लांसाठी किडे शोधायची यातायातही नाही, कारण नर आणि मादी दोघांच्याही गळ्यात दुधासारखा रस तयार होतो, तोच पाजतात. त्यांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं नाकात गेली तर काहींची फुफ्फुसं कायमची निबर होतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, तेव्हा आमच्या नाशिकच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही दोन तट पडले होते. मी ताडपत्रीच्या बाजूची. दाणे टाकणं हे फार स्वस्तातलं पुण्य आहे. पिशवी रिकामी केली की आपण मोकळे, निस्तरणार दुसरंच कुणीतरी.

आजी म्हणायची, ज्या घरात पारवे घुमतात ते घर ओसाड. आता भरल्या घराच्या बाल्कनीत घुमतात आणि आपण पैसे मोजून स्वतःच जाळीत राहतो.

आजीचं घर म्हणजे जुन्या नाशकातल्या तिवंध्यातला वाडा. लाकडी तुळया, पांढऱ्या मातीच्या भिंती, आणि आजोबांच्या तसबिरीमागे चिमणीचं घरटं. त्या घरट्यामुळे आजोबा कायम थोडे पुढे वाकलेले. पिल्लं असली की आजी पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लावायची, मग मे महिना असो की पाहुणे असोत. दाणे मुद्दाम कुणी टाकल्याचं मला आठवत नाही. तांदूळ निवडताना जे सांडायचं तेवढंच. चिमणीला लागतं भोक, वळचण, आणि पिल्लांना भरवायला अळ्या-किडे. वाडा पाडला, तिथे काचेच्या दर्शनी भागाची इमारत आली. त्या काचेत घरटं कुठे करणार? २० मार्चचा जागतिक चिमणी दिवस २०१० पासून साजरा होतो, आणि तो सुरू केला तो आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीने. त्या दिवशी चिमणीचे फोटो टाकणाऱ्या किती नाशिककरांना हे ठाऊक असेल, देव जाणे.

कुत्र्यांचंही तसंच. बिस्किटं टाकणारे गल्लीत दहा, नसबंदीच्या गाडीला कुत्रं धरून द्यायला एकही नाही. आणि मग बिबट्या कॉलनीत आला की "आलाच कसा?" सिन्नरपलीकडच्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता. त्यांच्या खाण्यात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. आपण कुत्र्याला वाढतो, तेच ताट पुढे सरकतं. असो, बिबट्यावर बोलायला लागले तर पोस्ट संपायची नाही.

कावळ्याकडे येते. ज्याच्या चोचीची वाट बघत आख्खं खानदान उन्हात ताटकळतं, तो १९७२ च्या वन्यजीव कायद्यात उंदरांच्या यादीत होता, उपद्रवी म्हणून! २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच गेली. आपल्या डोक्यातली गेलेली नाही. कावळ्याला दाण्यांची भीक लागत नाही, उष्टं-खरकटं, मेलेला उंदीर, काहीही चालतं. त्याला लागतं ते झाड. आणि झाड म्हटलं की सगळ्यांना पार्किंग आठवतं. कुंभमेळ्यासाठी तोडायच्या तपोवनातल्या झाडांवरून एवढा गदारोळ झाला, पण स्वतःच्या सोसायटीतलं झाड तोडताना कुणी फलक घेऊन उभं राहत नाही.

गेल्या मे महिन्यात आमच्या गुलमोहरावर कावळ्यांनी घरटं केलं. घरट्यात पिल्लं, त्यामुळे जाणाऱ्या-येणाऱ्याच्या डोक्यावर टोच. मीही एक खाल्ली. मी म्हणत होते, तीन-चार आठवडे छत्री घेऊन चाला, पिल्लं उडाली की टोचा बंद. मीटिंगमध्ये हसले सगळे. रविवारी माणूस बोलावून फांदी उतरवली, घरट्यात काड्यांपेक्षा तारा जास्त निघाल्या. आणि पितृपक्षात तेच मीटिंगवाले काका गच्चीवर पान ठेवून "काव काव" करत होते. तासभर. मी कपडे वाळत घालत होते, काही बोलले नाही.

यंदा जोडी परत आली आहे. या वेळी मागच्या बाजूला, करंजावर, पंपाच्या खोलीच्या वर. काल हँगरची वाकडी तार नेताना पाहिलं. करंजावर घरटं म्हणजे पाऊस चांगला, असं आजी म्हणायची. सोसायटीच्या ग्रुपवर मी काही टाकलेलं नाही. आमच्यातलं कुणी हे वाचत असेल तर वाचलं नाही असं समजा.